जानेवारीतला ठिपका

तिनं जानेवारीचा आलेख पुन्हा उघडला आणि पडद्यावर बोट टेकवलं. एक ठिपका म्हणजे ऑफिसातलं एक माणूस. जे एकमेकांना जास्त ईमेल लिहितात, त्यांचे ठिपके जवळ येऊन गट बनतो. मजकूर तिला दिसत नव्हता; कोणी कोणाला किती वेळा लिहिलं, एवढंच. नव्या इमारतीत कोणाला कोणाशेजारी बसवायचं, हे साहेब त्यावरून ठरवणार होते.

गेल्या डिसेंबरपासून या नोव्हेंबरपर्यंतचे, वर्षभराचे आकडे एकत्र धरले, तर ती आणि तिची मैत्रीण एकाच गटात होत्या. नऊ वर्षं खुर्चीला खुर्ची लावून बसलेल्या. पण माणसं वर्षभर एका जागी थोडीच राहतात, म्हणून तिनं महिन्यामहिन्याचे गट पाडले होते. डिसेंबरात मैत्रिणीचा ठिपका तिला चिकटून होता. जानेवारीत तो साहेबांच्या गटात जाऊन बसला होता.

साहेबांनी तिचा प्रकल्प काढून मैत्रिणीला दिला तो एप्रिलमध्ये. "मला तरी कुठे माहीत होतं गं," म्हणत मैत्रीण तेव्हा रडली होती. उलट तिनंच मैत्रिणीची समजूत काढली होती.

जानेवारीत ती वडिलांच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. "तू निर्धास्त जा, इथलं मी बघते," असं मैत्रीणच म्हणाली होती. त्या दिवसांत कामाचेच ईमेल गेले असतील, असं तिनं मनाला बजावलं.

दुपारी मैत्रीण तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"आपण एकाच गटात ना?"

"वर्षाचं धरलं तर, हो."

मैत्रिणीची नजर पडद्यावरच्या महिन्यांच्या नावांवरून सरकत गेली आणि जानेवारीपाशी थांबली.

"मग वर्षाचंच दे ना. महिन्यांचा घोळ कशाला? साहेबांना एवढं बघायला वेळ कुठंय?"

तिनं मान वळवून मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रीण तोवर खिडकीबाहेर बघायला लागली होती.

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं साहेबांना बाराही महिने पाठवले. खाली एक ओळ लिहिली: जागा शेवटच्या महिन्यावरून ठरवाव्यात. त्या महिन्यात तिचा स्वतःचा ठिपका कुठल्याच गटात नव्हता.

नव्या इमारतीत तिचं टेबल जिन्यालगत, एकटंच आलं. पहिल्या दिवशी मैत्रीण तिथं थबकली.

"अगं, तुला इथं कोणी बसवलं?"

"मीच," असं म्हणून तिनं कॉम्प्युटर सुरू केला.