तिसऱ्या बेसवरचा तुंबा

मान बारीक, पोट मोठं आणि अंगावर तापल्या सळईने रेखलेली पानं. मित्रांनो, मला पाहून हसू आलं तर खुशाल हसा. मी अहेरीकडच्या रानातला एक जुना तुंबा, म्हणजे पाणी न्यायचा वाळका भोपळा आहे.

बुधूआजाच्या छपरावर मी वेलीला लटकत होतो. पिकून कडक झालो, तसं आजाने मला उतरवलं, देठाशी भोक पाडलं, आतला गर आणि बिया काढल्या आणि मला उन्हात वाळवलं. पोट रिकामं झालं. त्या पोकळीत पाणी नसेल तेव्हा कुतूहल भरलेलं असायचं.

तेंदूपानं तोडायच्या दिवसांत मी आजाच्या खांद्यावरून रानात जायचो. सावलीत सगळे गोल बसले, की माझं बूच निघायचं. एकट्याने प्यायचं नाही, उभ्याने प्यायचं नाही, ही तिथली रीत. पुढे गावात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी खुंटीवर गेलो. कोळ्याने माझ्या तोंडावर जाळं विणलं. आत मी आपला विचार करत बसायचो, आता रानात काय चाललं असेल?

या मे महिन्यात आजाची नात सोमारी चंद्रपूरला बेसबॉलच्या स्पर्धेला निघाली. आजाने मला धुऊन तिच्या हाती दिलं. बसमध्ये पोरी हसायला लागल्या.

"काऊन वं सोमारी, भाजी करतेस का त्याची?" चेंडू फेकणारी दीपाली म्हणाली.

"तुह्या चेंडूपेक्षा सरळ रायते हा," सोमारी म्हणाली.

मैदानावर झाड नव्हतं. पत्र्याच्या मांडवात, खांबाला मला टांगलं. तिथून मी तो खेळ पाहिला आणि चक्रावून गेलो. मारणारी मुलगी चेंडू टोलवते, जीव घेऊन पळते, मातीत ठेवलेल्या चौकोनी गाद्या शिवत जाते, पहिला बेस, दुसरा, तिसरा, आणि शेवटी पुन्हा निघाली तिथेच येते! निघाल्या जागीच यायचं, तर निघायचं कशाला?

सोमारी मारणारीच्या मागे उकिडवी बसायची, तोंडावर जाळी, छातीवर जाड गादी. सकाळचा सामना लांबत लांबत ऐन दुपारवर आला. वारा भट्टीतून निघाल्यासारखा येत होता. बाटल्यांमधलं पाणी चहाच्या आधणासारखं झालं. सोमारीने एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. माझ्या पोटात मात्र सकाळी माठातून भरलेलं पाणी अजून गार होतं.

"अगं, तुंबा भरलेला आहे ना? मग उघड की," हर्षा मॅडम म्हणाल्या. त्या चंद्रपूरच्या, संघाला शिकवणाऱ्या.

"सगळ्या बसल्या की उघडू, मॅडम," सोमारी म्हणाली.

पण मित्रांनो, या खेळात सगळ्या कधी बसतच नाहीत. चेंडू अडवायची पाळी असली की सगळ्या उन्हात. मारायची पाळी आली की एक बॅट घेऊन उभी, एक तिच्या मागे तयार, एखादी बेसवर. मी वाट पाहत राहिलो. पोटात पाणी, तोंडाला बूच.

शेवटची पाळी आली. आमचा संघ एका धावेने मागे होता आणि सोमारी धावत तिसऱ्या बेसवर पोचली होती. आणखी थोडं पळाली की बरोबरी. पण तिने गुडघ्यांवर हात टेकले. तिची नजर चेंडूवर नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि डुलत होती.

बॅट घेतलेल्या दीपालीलाही ते दिसलं. तिने पंचांकडे 'टाइम' मागितला, बॅट टाकली आणि मांडवात येऊन मला खांबावरून ओढलं.

"चला वं पोरीहो. तिथीच बसू."

"खेळ सोडून?" एकीने विचारलं.

"ती येऊन नाई राह्यली, तं आपुनच जाऊ."

सगळ्या पोरी तिसऱ्या बेसवर गेल्या आणि सोमारीभोवती तापल्या मातीत गोल बसल्या. कोरपन्याचे गुणवंतराव पंच होते. ते तरातरा आले.

"काय लावलं हे? मैदानात पंगत?"

"सर, सगळ्या बसल्याशिवाय पाणी पीत नाहीत या," हर्षा मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते आत्ताच उमगलं होतं.

गुणवंतरावांनी सोमारीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोक्यावरची टोपी काढून ते तिला वारा घालू लागले. "पाजा आधी. खेळ कुठी पळून नाई चालला."

माझं बूच निघालं. आजाने माझ्या दोरीला बांधून दिलेल्या पानांच्या द्रोणांतला पहिला सोमारीचा. दोन घोट पोटात गेल्यावर तिने शेजारी उभ्या असलेल्या, समोरच्या संघाच्या रंजीताकडे पाहिलं.

"तूही बस. उभ्यानं नाई प्यायचं."

रंजीता बसली. मग तिच्या मैत्रिणी आल्या. त्या दुपारी मी शेवटच्या थेंबापर्यंत रिता झालो.

सोमारीला मॅडमनी सावलीत नेलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं. तिच्या जागी दुसरी मुलगी बेसवर उभी राहिली. दीपालीचा फटका रंजीताने झेलला आणि आमची शेवटची मुलगी बाद झाली. आम्ही त्या एका धावेनेच हरलो.

घरी सोमारीने सगळं सांगितलं. आजा मला हातात फिरवत ऐकत होता.

"तिथी सावली होती का?"

"नाई, आजा."

"तरी बसल्या?"

"बसलो."

"मंग आता तेही रीतच."

मित्रांनो, माझ्यासारखा तुंबा तुमच्याकडे असेल, तर पाणी संपल्यावर त्याला उलटा टांगून वाळू द्या, नाहीतर तो आतून कुजतो. आणि खेळताना आपल्यातलं कोण उन्हात उभं आहे, तेही पाहत जा. निघाल्या जागीच यायचं तर निघायचं कशाला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण कुणी तिसऱ्या बेसवर अडकलं, तर बाकीच्यांनी कुठे जाऊन बसायचं, एवढं मला कळलं आहे.