शेवटच्या दोन ओळी

धाकट्याने समोरचा फॉर्म इतक्या जोरात परत सरकवला, की तो काचेच्या टेबलावरून घसरत थेट टायवाल्याच्या मांडीवर जाऊन पडला.

"यावर ताई सही करणार नाही. आधी इंजिन का मेलं ते दाखवा."

सर्व्हिस सेंटरच्या त्या टायवाल्याने फॉर्म उचलला, झटकला आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा टेबलावर ठेवला. "सर, मी मघाशीच सांगितलं. इंजिनाचा कॉम्प्युटर बाहेर कुणीतरी उघडल्याची नोंद आलीय. नोंद आली की वॉरंटी संपली, खर्च मालकाचा; फॉर्मवर तेवढंच लिहिलंय. कारण शोधायची आम्हाला गरजच नसते."

"गरज नसते! ऐकलंस, ताई? माणूस दगावला, पण कशाने ते बघायची डॉक्टरला गरज नसते!"

ताई ऐकत होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पस्तीस वर्षं लोकांच्या दाढा उपटून झाल्यावर तिने दवाखाना बंद केला आणि आठवडा उलटायच्या आत एक निळी, बुटकी, दोनच माणसं मावतील अशी स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. घरात हसाहशी झाली. सून म्हणाली, आई, यातून उतरताना क्रेन मागवावी लागेल. मुलगा म्हणाला, एवढी हौस होती तर फिरायला जायचंस ना कुठेतरी. धाकटा भाऊ तेवढा हसला नव्हता. उलट बॉनेट उघडून अर्धा तास आत डोकं घालून बसला होता, कारण त्याचा सगळा जन्म इंजिनं ट्यून करण्यात गेला होता आणि असलं इंजिन त्याच्या शेडमध्ये कधी आलंच नव्हतं.

आणि त्या इंजिनाला कुलूप! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पूर्वी स्क्रू ड्रायव्हर आणि कान एवढ्यावर काम व्हायचं. आता किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं एका डब्यातला कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्या डब्याची किल्ली कंपनीकडे. गाडी तुमची, ती धुवा, पुसा, आरती ओवाळा, पण आतल्या आकड्यांना हात लावायचा नाही. वर कंपनीने इंजिनाचा जोर मुद्दाम दाबून ठेवलेला, कारण तेच इंजिन जरा मोकळं सोडून पुढच्या मॉडेलमध्ये विकायचं असतं. धाकटा तीन आठवडे त्या डब्याच्या खनपटीला बसला. गरम करून गोंद सोडवला, आतल्या चिपच्या बारीक पायांना तारा जोडल्या, आणि एका दुपारी कुलूप उघडलं तेव्हा शेडमध्ये एकटाच ओरडला. मग त्याने नवे आकडे भरले आणि गाडी अशी काही सुटली, की ताई पहिली फेरी मारून परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. नऊ महिने ताई दर रविवारी एकटी घाटात जायची, सगळं सुरळीत चाललं. गेल्या रविवारी सकाळी घाटात इंजिनाने दम तोडला. एका पिस्टनला भोक पडलं होतं.

"सर, तुम्ही मॅडमना जरा समजावून सांगा," टायवाला म्हणाला.

"मी कशाला समजावू? गाडी त्यांची आहे, त्यांच्याशी बोला! मघापासून बघतोय, तुमची मान माझ्याकडेच वळतेय. ती काय मला सोबत म्हणून आलीय?"

टायवाला ओशाळला. मानेला जरा कष्ट देऊन ताईकडे वळला. "सॉरी मॅडम. म्हणजे टेक्निकल विषय आहे, म्हणून..."

"दोन तास झाले," धाकट्याने त्याला पुरं बोलू दिलं नाही. "मी एकच गोष्ट मागतोय. इंजिन बंद पडेपर्यंत त्या कॉम्प्युटरने जे जे लिहून ठेवलं, ते कागदावर काढून द्या. माझे आकडे बरोबर होते. चूक तुमच्या पिस्टनची आहे, आणि ती झाकायला तुम्ही माझ्या नावाने खडे फोडताय."

"तो डेटा कंपनीची मालमत्ता आहे, सर."

"वा! इंजिन तिचं, मेलं ते तिचं, आणि मृत्यूचा दाखला तुमच्या मालकीचा!"

हॉलमधल्या सोफ्यावरचे दोघेतिघे माना वर करून बघू लागले. तेव्हा ताई पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला नाही. भुलीचं इंजेक्शन देण्याआधी बोलायची तशी बोलली.

"मी कुठल्याही पेशंटला त्याचा एक्स-रे द्यायला नाही म्हटलं नाही. मशीन माझं असायचं, पण दात त्याचा असायचा. मला आता दवाखाना नाही, घाई नाही. कागद मिळेपर्यंत मी इथे बसते."

आणि ती खरोखरच बसली. टायवाला आत गेला, बाहेर आला, फोनवर कुजबुजला, पुन्हा आत गेला. तासाभराने चार कागद घेऊन आला आणि सवयीप्रमाणे धाकट्याच्या हातात दिले.

"घ्या, सर. खरं सांगू? यातलं आम्हालाही फारसं कळत नाही. आम्ही फक्त लाल की हिरवं एवढं बघतो."

"ते दिसतंच आहे," धाकटा म्हणाला आणि चष्मा चढवून वाचायला लागला.

पहिल्या पानावर त्याची मान डुलत होती. दुसऱ्यावर तो पुटपुटला, "बघ, इथवर पेट्रोल बरोबर, ठिणगी बरोबर." तिसऱ्या पानावर इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर किती वेळ चाललं याचा तक्ता होता. त्याचं बोट ओळीओळीने खाली आलं आणि थांबलं.

साडेसहा हजार ते सात हजार: अकरा तास. सात हजारांच्या वर: चार तास.

त्याने पान उलटलं, पुन्हा मागे आला. चार तास. तिथे इंजिन गळ्यातून किंचाळतं. त्याच्या शेडला येणाऱ्या पोरांपैकीही फार थोडी तिथवर जातात, आणि गेली तरी दोन क्षणांसाठी. त्या पोरांच्या गाड्या तो मोकळ्या रस्त्यावर नेऊन, दोन दोन दिवस पळवून, किती फेऱ्यांना किती पेट्रोल या तक्त्यातली एकेक ओळ मोजून भरायचा. ताईची गाडी त्याने साडेसहा हजारांपर्यंत मोजली होती. शेवटच्या दोन ओळी राहिल्या, तेव्हा शेड बंद करायची वेळ होत आली होती. 'इथे कोण जातंय,' असं तो तेव्हा हसत म्हणाला होता, अगदी मोठ्याने, आणि आधीच्या ओळीतले आकडेच पुढे उतरवले होते. तिथे पेट्रोल कमी पडत होतं. प्रत्येक रविवारी पिस्टन थोडा थोडा जळत होता.

"काही सापडलं, सर?" टायवाल्याने विचारलं.

कागद घडी करून खिशात टाकला असता तर या इमारतीत कुणालाच काही कळलं नसतं. धाकट्याने घडी घातलीसुद्धा. मग उलगडली.

"काय लिहिलंय?" ताईने विचारलं.

"इंजिनाला वरच्या फेऱ्यांवर पेट्रोल कमी पडलं."

"कुणामुळे?"

"माझ्यामुळे." त्याने चष्मा काढला. "शेवटच्या दोन ओळी मी मोजल्या नव्हत्या. अंदाजाने उतरवल्या."

"सगळ्यांच्याच अंदाजाने भरतोस?"

"नाही."

"मग माझ्याच का?"

तो तिच्याकडे बघू शकला नाही. "मला वाटलं, तू तिथवर जाणारच नाहीस."

ताईने त्याच्या हातातून कागद घेतला. हात लांब करून वाचला, मग जवळ आणून वाचला. चार तासांच्या आकड्यावर तिने अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"हे माझे रविवार," ती म्हणाली. "नऊ महिन्यांत एकदा तरी विचारायचंस मला, ताई, कशी चालवतेस."

"चुकलो, ताई."

"सून हसली, मुलगा हसला. तू हसला नाहीस म्हणून मला केवढा आधार वाटला होता! तूही हसलासच, फक्त माझ्यामागे." तिने टायवाल्याकडे हात पुढे केला, त्याचं पेन घेतलं आणि फॉर्मवर सही केली. "यांनी निदान कुलूप लावलंय असं सांगून तरी लावलं होतं. तू न सांगता लावलंस."

ताई उठली. धाकटा मागोमाग बाहेर आला. त्याची जुनी गाडी उन्हात उभी होती. तो सवयीने उजवीकडच्या दाराकडे वळला, तर तिथे ताई आधीच उभी होती, हात पुढे करून.

"किल्ली दे."

त्याने किल्ली दिली, पलीकडून फिरून तिच्या शेजारी बसला आणि मुकाट्याने पट्टा लावला.