पाळण्याची दिशा

कुर्र करून बाथरूमचं दार आपोआप उघडलं आणि दुपारभर जपलेली शांतता मोडली. माझी लेक संस्कृती झोपेतच कुशीवर वळली. तिच्या पलीकडे सासूबाई डोळ्यांवर पदर घेऊन चटईवर पडल्या होत्या, त्या हलल्या नाहीत. मी टाक्यांवर हात दाबून उठले आणि दार लावून घेतलं. ते उघडं राहून चालणार नव्हतं. बाथरूमचं दार उघडं राहिलं की घरातला प्राण तिकडून वाहून जातो, असं फेंगशुईत सांगितलंय. आमच्या त्या दाराची कडी ढिली आहे. फटीत कागदाची घडी खोवली आणि पुन्हा पाळण्यासमोर येऊन बसले.

पाळणा रिकामा होता.

माझं बाळ पिंपरीतल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. दिवस भरायच्या खूप आधी आलं. सुरुवातीचे काही दिवस मला त्याच्याजवळ जाता आलं. पेटीला गोल खिडकी असते, तिच्यातून हात आत घालायचा. त्याची मांडी माझ्या अंगठ्याएवढी. मी बोट पुढं केलं की ते धरायचं, आणि मी तशीच वाकून उभी राहायची, पाठ मोडेपर्यंत. मग मला खोकला झाला. सिस्टरने दारातच अडवलं. "मॅडम, खोकला पूर्ण जाऊ दे. आत सगळी अशीच बाळं आहेत." तिचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी इथं चाकणला आणि ते तिथं. मी दूध काढून देते. मुरारी, माझा नवरा, ते बर्फाच्या डब्यात घालून चौकातल्या ट्रेलरच्या रांगांमधून बाइकवर नेतो आणि तिथून शिफ्टला जातो. मला एवढंच काम. दूध काढायचं आणि फोनकडे बघत बसायचं.

अशात वरच्या मजल्यावरची कनीज सूप घेऊन आली. तिचं बाजारात गिफ्टचं दुकान आहे.

"तुझ्याकडं ते चिनी असतं ना, घर सुधरायचं?" मी विचारलं.

"असतं की. हसरे म्हातारे, तीन पायांचे बेडूक, वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्या. तुला काय झालं एकदम?"

"लागू पडतं का गं?"

"खरं सांगू? माझ्याकडे शेल्फभर म्हातारे दिवसरात्र हसतायत आणि त्यांच्यासमोर मी तोंड पाडून बसलेली. लागू पडायचं तर आधी मला नको पडायला?" असं म्हणून ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज उतरला. "पण अनिता, घर आवरलं तर वाईट काही होत नाही. उद्या एक तक्ता आणून देते. विकत नाही, असाच."

तक्ता अष्टकोनी होता. मधे एक वर्तुळ आणि भोवती आठ घरं. एक घर कामाचं, एक लग्नाचं, एक मुलांचं, एक घरच्यांच्या तब्येतीचं. प्रत्येकाची जागा वेगळी, रंग वेगळा, तत्त्व वेगळं. कडेनं सोनेरी ड्रॅगन, शेपट्या एकमेकांत गुंतवून बसलेले.

मी आयटीआयला ड्राफ्टिंग केलंय. पोट दिसायला लागेपर्यंत भोसरीच्या एका वर्कशॉपात कॉम्प्युटरवर मशीनचे लेआउट काढायची. मशीन कुठं बसणार, माल कुठून आत येणार, वाट कुठं मोकळी सोडायची. माल अडला की लाइन अडते. त्यामुळे फोनवर फेंगशुईची पानं वाचताना मला ते परकं वाटलंच नाही. ते ज्याला 'ची' म्हणतात तो प्राण दारातून आत येतो, घरभर फिरतो, अडगळीत अडतो, टोकदार कोपऱ्यावर आपटून खवळतो. हे तर मला कळत होतं. बाळाच्या फुप्फुसांचं काय चाललंय ते डॉक्टर दोनदा सांगूनही मला कळलं नव्हतं. हे कळत होतं.

मग मी घर लावायला घेतलं. दारामागची चपलांची रास आणि जुनी सायकल हलवली. पलंग असा फिरवला की पडल्या पडल्या दार दिसावं, पण पाय सरळ दाराकडे नसावेत. पलंगासमोरच्या आरशावर ओढणी टाकली, कपाटाचा धारदार कोपरा झोपणाऱ्याकडे रोखलेला होता तो चादरीनं झाकला. वाकता येत नव्हतं, तेव्हा पायानं ढकललं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावातून बाळंतपणासाठी आलेल्या. त्या दारात उभ्या राहून बघायच्या.

"काल पलंग हिकडं, आज कपाट तिकडं. घर हाय का आठवड्याचा बाजार?"

"आत्याबाई, हवा खेळती राहते असं केल्यानं."

"हवा खेळती ऱ्हाती, आन बाळंतीण मरती. पड जरा! चिनी लोकं येत्यात व्हय तुझे टाके घालाया?"

पण त्यांचंही काही वेगळं चाललं नव्हतं. बाळ पाच दिवसांचं झालं तेव्हा त्यांनी पाचवी पुजली होती. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, कंपन्यांच्या शेडकडे उघडणाऱ्या खिडकीखाली, पाटा-वरवंटा धुऊन मांडला. हळदकुंकू, दिवा, आणि सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन. बाळ घरात नव्हतं, तरी पुजली. दुसऱ्या दिवशी पूजा उचलायची असते. त्यांनी उचलली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आली आसंल ती, आन पोर न्हाई बघून माघारी गेली आसंल. कपाळच न्हाई म्हणल्यावर कशावर लिवायचं तिनं? ऱ्हाऊ दे मांडलेलं. पोर आलं की येईल परत." रोज सकाळी त्या पाट्याला हळदकुंकू वाहत होत्या. त्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही, हे न सांगता ठरलेलं होतं.

मीही लावला नाही. तशी गरजच पडली नव्हती. घराचा नकाशा काढून त्यावर तक्ता बसवला, तेव्हा मुलांचं घर बरोबर समोरच्या बाजूला आलं, स्वयंपाकघराच्या भिंतीशी. त्या घराचं तत्त्व धातू. संस्कृतीचा जुना पाळणा लोखंडी नळ्यांचा आहे. इतकं छान जुळलं की मला रडू आलं. आज सकाळीच मुरारीनं तो माळ्यावरून काढून दिला, मी पुसला, मऊ धुतलेलं लुगडं अंथरलं आणि तिथं ठेवला. मुरारी हेल्मेट घालता घालता थांबला. "अनू, छान दिसतोय गं," म्हणाला, आणि दुधाचा डबा उचलून घाईघाईनं बाहेर पडला.

आता दुपारी पाळण्यासमोर बसल्या बसल्या मी तक्ता पुन्हा हातात घेतला. अजून काय राहिलंय ते बघायचं होतं. सगळ्यात वरचं घर लाल होतं, अग्नीचं. सगळ्यात खालचं काळं, पाण्याचं. वर म्हणजे उत्तर. उत्तरेला अग्नी कसा काय? आपल्याकडे तर उत्तरेला पाणी असतं. चिन्यांचं वेगळं असेल, असं आधी वाटलं होतं. पण आता नजर तिथंच अडकली. तक्ता खिडकीपाशी उजेडात धरला. वरच्या ड्रॅगनच्या शेपटीत एक बारीक वळण होतं, ते मी शेपटीचंच समजले होते. ते इंग्रजी एस अक्षर होतं. दक्षिण.

चिन्यांच्या तक्त्यात दक्षिण वर असते.

माझ्या हातांनी आजवर जेवढी ड्रॉइंग काढली त्या सगळ्यांत उत्तर वर होती. दिशेच्या बाणाकडे बघायचीसुद्धा सवय राहिली नव्हती. दुसऱ्या कुणी तक्ता हातात घेऊन नुसतं अंदाजानं ठेवलं असतं, निदान अर्धं तरी बरोबर आलं असतं. मी मोजून, आखून, काटकोन लावून सगळं घर उलटं लावलं होतं. मुलांची दिशा पश्चिम. पाळणा मी ठेवला होता पूर्वेला. आणि पूर्व म्हणजे तब्येतीचं घर, त्याचं तत्त्व लाकूड. तक्त्याच्या मागं लिहिलेलं मला पाठ झालं होतं: धातू लाकडाला तोडतो.

बाळाच्या तब्येतीच्या घरात मी आपल्या हातानं लोखंड नेऊन ठेवलं होतं.

मी उठले आणि पाळणा ओढायला लागले. फरशीवर पाय घासले तसं संस्कृती उठून बसली. आत्याबाईही उठल्या.

"आता काय आणिक?"

"पाळणा चुकीच्या जागी आहे. पश्चिमेला पाहिजे."

"सकाळी तर म्हणलीस बरूबर हाय."

"चुकलं माझं. तक्ता उलटा वाचला मी." खिडकीखालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तिथं पाहिजे तो."

आत्याबाईंनी बोटाच्या दिशेनं पाहिलं. मग चटकन पुढं येऊन पाट्याच्या आड उभ्या राहिल्या.

"हितं न्हाई."

"आत्याबाई, थोडंसं बाजूला घेऊ नुसतं."

"बसलेली देवी उठवायची न्हाई. ती माघारी यायची हाय, तिला जागा घावली न्हाई तर? अनिता, तुझं समदं ऐकलं मी. आरसा झाकलास, गप ऱ्हायले. सायकल बाहेर काढलीस, गप ऱ्हायले. हितं हात लावू नगंस."

"मग त्याला काही झालं तर?" मी ओरडले. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. "तुमची देवी लिहायला येईल तोवर तो राहायला तर पाहिजे!"

बोललेलं परत घेता येत नाही. आत्याबाईंचं तोंड पांढरं पडलं. संस्कृती पाळण्याची नळी धरून आमच्या दोघींकडे बघत होती. मला खोकल्याची उबळ आली आणि टाक्यांतून कळ गेली, मी पलंगाच्या कडेला टेकले. तेवढ्यात फोन वाजला.

मुरारी होता. दवाखान्यातून. शिफ्टची वेळ असून तो अजून तिथंच होता, यातच मला कळलं.

"अनू, ऐक. घाबरू नकोस."

"बोल."

"त्याला परत मशीनवर घेतलंय. स्वतःचा श्वास पुरत नाही म्हणाले. नळी घातली."

"कधीपासून?"

"सकाळपासूनच दमत होता म्हणे. मी पोचलो तेव्हा... अनू? आहेस ना?"

"आहे."

"डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस बघू. मी इथंच थांबतो. काचेतून दिसतोय मला. छाती हलतेय त्याची. मशीननं हलतेय, पण हलतेय."  मागं कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. "तू दूध काढत राहा, हां? आता देत नाहीयेत, पण लागेल. लागेलच ना."

"लागेल," मी म्हणाले.

फोन ठेवला. सकाळपासून. सकाळीच मी पाळणा ठेवला होता. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला शिकलेल्या डोक्यानं कळत होतं. त्या डोक्यानंच घर उलटं लावलं होतं.

 माझ्या बाजूचं बोलणं आत्याबाईंनी ऐकलं होतं. त्या पाट्यासमोर खाली बसल्या. हात जोडले. बोलल्या ते देवीशी, पण शेजारणीशी बोलावं तसं.

"जरा सरक माय. पोराला जागा पायजे."

मग त्यांनी कोरा कागद आणि पेन उचलून पदरात बांधलं. दिवा बाजूला काढला. वरवंटा पोटाशी धरून नेला. मी पुढं झाले तर डोळ्यांनीच मला बसवलं. "टाके कच्चे हायेत तुझे." पाटा त्यांनी एकटीनं उचलला, या वयात, गुडघे असे असताना, आणि पलंगाशेजारी माझ्या उशाला नेऊन ठेवला. त्यांना दम लागला होता.

"कुठल्या अंगानं ठेवायचा त्यो पाळणा? नीट बघून सांग. ह्या बारीला चुकू नगंस."

मी फोनवरचं होकायंत्र लावलं.  फोन फरशीवर ठेवला, काटा स्थिर व्हायची वाट पाहिली, तक्ता फिरवून त्याच्याशी जुळवला, एस दक्षिणेला. पुन्हा पाहिलं. पुन्हा एकदा. आत्याबाईंनी एक बाजू धरली, संस्कृतीनं दुसरी, आणि मी नुसतं बोटानं दाखवत राहिले. अजून थोडा. भिंतीपासून जरा लांब. हां. खिडकीतून सरळ वारा लागायला नको. हां, तिथं.

पाळणा ठेवला. आत्याबाईंनी आतलं लुगडं हातानं सारखं केलं. सुरकुती नव्हती, तरी केलं. मग दिवा पुन्हा लावायला त्या काडेपेटी शोधू लागल्या. बाहेर कंपनीच्या शेडवर ऊन तापलं होतं, शिफ्ट सुटायला अजून अवकाश होता, रस्ताही रिकामा होता. फोन माझ्या मुठीत होता आणि तो वाजू नये असंही वाटत होतं आणि वाजावा असंही.

संस्कृती पाळण्याच्या कडेला हनुवटी टेकवून आत बघत होती.

"मम्मी, आता बरोबर झालं?"

"हो राणी."

 पाळण्याला तिनं हळूच एक झोका दिला आणि मग स्वतःच हातानं थांबवला.

"पण मम्मी, बाळ तर इथं कधी आलंच नाही. त्याला ती काचेची पेटीच आपलं घर वाटत असेल का?"