हिमचौकीतल्या संगणकाचं कुलूप

मी एक जुना संगणक आहे. नारिन शहराच्या वरच्या अंगाला, घाटरस्त्यावरच्या हिमचौकीत मी बरेच हिवाळे काढले. मित्रांनो, माझं काम तसं एकच होतं. उतारावर रोवलेल्या खांबांकडून बर्फाचे आकडे यायचे, ते मी पडद्यावर दाखवायचो. बर्फ सरकू लागला की मी ओरडायचो, आणि चौकीप्रमुख सागिनबेक फाटक पाडून रस्ता बंद करायचे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. सागिनबेकांच्या बायकोने, बात्माने, माझ्यासाठी लोकरीचं झाकण विणलं. पुढे मात्र ज्याला जे हवं ते तो माझ्यात भरू लागला. पत्त्यांचे खेळ, गाणी, घोड्यांच्या सामन्यांचं काहीबाही. मला नाही म्हणता येत नव्हतं. माझा पंखा धापा टाकायचा आणि लोक म्हणायचे, "थकला आता हा."

मग सागिनबेकांच्या लेकीचं, आयझातचं लग्न झालं. लग्नाची चित्रफीत जुळवायला त्यांनी कुठूनसा एक फुकटचा प्रोग्रॅम आणून माझ्यात घातला. त्याच्याबरोबर रोगही आला. दुसऱ्या दिवशी बाहेर बर्फ कोसळत होता आणि माझ्या पडद्यावर सकाळचेच आकडे गोठून बसले होते. सागिनबेकांनी ते पाहिले आणि निवांत चहा ओतून घेतला. मला ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना.

दुपारी अख्खा उतार रस्त्यावर आला. बाजारातून परतणारी गाडी त्याच वाटेने यायची होती, आणि तिच्यात बात्मा होती. सागिनबेक टोपीही न घालता धावत सुटले. गाडी वळणाअलीकडच्या चहाच्या टपरीपाशी उभी होती. बात्मा चहा संपल्याशिवाय उठायला तयार नव्हती, आणि ड्रायव्हर तिच्या नावाने बोटं मोडत होता.

"असं काय बघताय?" ती नवऱ्याला म्हणाली. "एक पेला जास्त प्यायले, एवढंच."

त्यांनी सगळं सांगितलं. तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "लेकीच्या लग्नाच्या सिनेमात मला बर्फाखाली दाखवणार होतात की काय?"

सागिनबेक तिथेच बर्फात बसले.

सगळ्या चौक्यांची यंत्रं सांभाळणारी नूरझादा नारिनहून आली. तिने मला पार स्वच्छ केलं आणि कुलूप घातलं. तिच्या परवानगीशिवाय आता माझ्यात काहीच नवं जाणार नव्हतं.

सागिनबेकांना ते झोंबलं. "चौकी माझी आणि कुलूप तुझं?"

"कुलूप यंत्राला आहे बाइके, तुम्हाला नाही," ती म्हणाली. कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला ती थोरल्या भावासारखं बाइकेच म्हणायची. "काय हवं ते सांगा. मी तपासून घालून देईन."

"आणि तुला सवडच नसली तर?"

"फोनवर शिव्या द्या."

त्यांनी दिल्याही. वाऱ्याचा वेग दाखवणारा प्रोग्रॅम त्यांना हवा होता आणि तिच्याकडून उशीर झाला. शिव्या ऐकल्यावर ती दुधाच्या ट्रकमध्ये बसून वर आली आणि तो घालून गेली. येताना पत्ते खेळायला एक जुनाट यंत्रही घेऊन आली. ते स्वयंपाकघरात ठेवलं.

पुढच्या एका हिवाळ्यात राजधानीहून मोठे साहेब आले. त्यांना पेन ड्राइव्हमधलं काहीतरी माझ्यात घालायचं होतं. सागिनबेकांनी माझ्यावर आडवा हात ठेवला.

"साहेब, चहा घ्या, नान घ्या, माझी खुर्ची घ्या. ते तेवढं खिशात राहू द्या."

"मी कोण आहे ठाऊक आहे ना?"

"आहे ना. पण उद्या या रस्त्याने माझी लेक बाळाला घेऊन यायची आहे."

साहेबांनी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि मुकाट्याने चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी आकडे हलले. मी जीव तोडून ओरडलो. फाटक पडलं, आयझातची गाडी त्याच्या अलीकडे थांबली, आणि पलीकडचा रस्ता बर्फाखाली गेला.

आता चौकीत नवं यंत्र आहे आणि मी नूरझादाच्या कपाटावर आहे. बटण कुणी दाबत नाही, पण तक्रार नाही. मला जपणारी माणसं मिळाली. मित्रांनो, कामाच्या यंत्रात काही घालण्याआधी ते सांभाळणाऱ्याला विचारा. तो नको म्हणाला तर रागावू नका, कारण विचारा. आणि उद्या असं कुलूप तुमच्या हाती आलं, तर कुणी हाक मारताच बर्फ तुडवत वर या.