छायाच्या हातचा लाल

छायाच्या सासूचं, इंदूबाईंचं म्हणणं साधं होतं: विधवेचा हात लागला की लाल रंग काळा पडतो. लाल रंगासाठी बारतोंडीच्या झाडाची मुळं छायानं खणायची, तिनंच कुटायची, चूलही तिनंच फुंकायची. पण कापड बुडवायची वेळ आली की तिनं बाजूला व्हायचं आणि सवाष्णीनं पुढे यायचं. म्हणजे ढोरमेहनतीला विधवा चालते, रंगाला तेवढी चालत नाही! भिसेगावच्या या घरात लग्नाचे शेले असेच रंगत आले होते.

आता छायाच्याच लेकीचं, सुप्रियाचं लग्न ठरलं होतं. शेला रंगवायला चौक गावाहून धाकटी जाऊ येणार, हे इंदूबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलं. पोटच्या पोरीचा शेला आणि आईनं तो लांबून बघायचा! छायाच्या अंगाची नुसती लाहीलाही झाली.

मेख अशी की सासूकडे पुरावा होता. गेल्या वर्षी छायानं चोरून एक रुमाल बुडवला होता आणि तो खरंच काळाकुट्ट निघाला होता. "बघितलंस?" एवढंच इंदूबाई म्हणाल्या. छायालाही ते खरं वाटलं, याचाच तिला पुढे जास्त राग आला. कारण रंगाआधी कापड ज्यात भिजवतात त्या हिरड्याच्या पाण्यात एकदा लोखंडी विळा राहून गेला, पाणी शाईसारखं झालं, आणि तिची ट्यूब पेटली. रुमालाच्या वेळी तांब्याचं पातेलं कल्हईला गेलं होतं. तिनं लोखंडी घमेलं वापरलं होतं.

तेव्हापासून ती संधीच शोधत होती. देशी झाडं लावणाऱ्या मंडळींचा जितेश "काकू, झाडांचे रंग शिकवाल का?" म्हणून विचारायला आला, तेव्हा तिनं लगेच रविवार सांगून टाकला.

रविवारी कर्जत-खालापूरच्या माणसांनी अंगण भरलं. छायानं मुळं दाखवली. "सोटमुळाला हात नाय लावायचा. बाजूचं एखादं घ्यायचं आन माती परत लोटायची. झाडच मेलं तर रंग कुठनं आणाल?" हिरड्यात आणि मग तुरटीत भिजवून वाळवलेली कापडं तिनं सगळ्यांच्या हातात फिरवली. मुळांचा काढा दोन चुलींवर ठेवला, एक पातेल्यात, एक घमेल्यात.

"पिवळा दाखव, खाकी दाखव," ओट्यावरून इंदूबाई कडाडल्या. "लालाला शिवायचं नाय, सांगून ठेवते."

"मग तुमीच बुडवा, आई," छाया म्हणाली आणि घमेल्याकडे बोट केलं.

चार माणसांत मान मिळतोय म्हटल्यावर इंदूबाई तरातरा खाली आल्या. हिरव्या बांगड्या मागे सारून त्यांनी घमेल्यात कापड सोडलं. छायानं पदर खोचला, कापडांसारखाच हिरड्या-तुरटीत भिजवून ठेवलेला सुप्रियाचा शेला काढला आणि थेट पातेल्यात घातला.

"अगं ए! शेला हाय तो!"

"माज्याच लेकीचा हाय."

मंडळी चहा प्यायली. छायानं मात्र कप तसाच बाजूला ठेवला. आपलं चुकलं असेल तर शेला गेला, आणि सासू उरलेला जन्म बोलून दाखवणार. ती मनातून चांगलीच टरकली होती, पण चुलीपासून हलली नाही.

अखेर कापडं वर काढली. इंदूबाईंचं काळं आणि शेला लालभडक.

"हिरडा लोखंडाला लागला की काळा पडतो," छाया सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हात कुनाचाबी असू दे. हिरव्या बांगड्यांचा असला तरी."

"चारचौघांत माजी शोभा केलीस," इंदूबाई पुटपुटल्या.

"माजी तर तुमचा ल्योक गेल्यापासनं प्रत्येक लग्नात होतेय, आई."

इंदूबाईंनी काळं कापड पिळलं, पुन्हा पिळलं. काळं ते काळंच राहिलं. छाया शेला घेऊन रस्त्याकडच्या तारेपाशी गेली.

"आत वाळत घाल गं," सासूचा आवाज आता खाली आला होता. "लोक बघतील."

"बघू देत." छायानं लाल झालेल्या हातांनी शेला झटकून तारेवर पसरला. "आन चौकला फोन करा. जाऊबाईंना म्हणावं, नुसतं जेवायला या."