रंगारी आळीबद्दलचं एक वाक्य

आमच्या ताकेझुमी शहराची ओळख एका पानात बसवायची, हे काम नगरपालिकेनं मला घरी दिलं तेव्हा माझी मुलगी कोनात्सु आठ महिन्यांची होती. ती झोपली की मी लिहायचे. ती उठली की वाक्य तिथंच सोडायचं आणि ती पुन्हा झोपेपर्यंत डोक्यात घोळवायचं. त्यामुळे माझी वाक्यं जरा जास्तच गुळगुळीत झाली.

लिहिण्यासारखं तसं फार नाही. लोकसंख्या तेवीस हजार, तीही दर वर्षी थोडी कमी. किल्ला आहे, पण वर मनोरा नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो पाडून त्याचं लाकूड विकलं, दगडी चौथरा तेवढा राहिला. शेजारच्या शहरानं सिमेंटचा नवा मनोरा बांधलाय, त्याला आमचे लोक पाण्याची टाकी म्हणतात. किल्ल्याखालचे रस्ते मुद्दाम वाकडे काढलेले, शत्रू चुकावा म्हणून. शत्रू कधी आलाच नाही, आता पार्सलवाले चुकतात. आणि मग कारागिरांच्या आळ्या. तांबट आळीत हल्ली दातांचा दवाखाना आहे, लोहार आळीत गाड्या लावतात.

रंगारी आळीबद्दल मी लिहिलं, ‘एके काळी इथल्या गटारातून निळं पाणी वाहायचं, आज उरलं आहे ते केवळ नाव.’

हे वाक्य मला फार आवडलं होतं. माझ्या नवऱ्याला, तात्सुरोला, मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, “छान आहे. वाईट वाटतं, पण छान आहे.”

दोन महिन्यांनी ते पान छापून झालं आणि वस्तीच्या फिरत्या पाटीला लागून घरोघर निघालं. आमच्याकडे नोटिसा अशाच येतात. पाटीला कागद लावलेले असतात, वर एकोणीस घरांचे चौकोन. वाचायचं, आपल्या चौकोनात लाल शिक्का मारायचा आणि दुसऱ्या दिवशी पाटी पुढच्या घरी द्यायची. पाटी अडवून ठेवणाऱ्या घराबद्दल कुणी काही बोलत नाही, पण विसरतही नाही.

माझ्याकडे पाटी आली ती शेजारच्या हिरामात्सुकाकूंच्या हातून.

“घे बाई, लेखिका,” त्या म्हणाल्या. “आमच्या यांनी तर दोनदा वाचलं. किल्ल्याचा चौथरा त्रेचाळीस फूट उंच आहे, हे जन्मभर इथं राहून त्यांना ठाऊक नव्हतं.”

“काहीतरीच काय काकू.”

“आणि हे बघितलंस? ओगाताआजींचा शिक्का हरवला वाटतं. अंगठाच उठवलाय. तोही निळा.”

चौथ्या चौकोनात, लाल शिक्क्यांच्या रांगेत, निळा अंगठा होता. रेघ न् रेघ स्पष्ट. काकू हसत होत्या. मग त्यांनी खालचं रंगारी आळीचं वाक्य पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “चुलीवर काहीतरी ठेवलंय गं मी,” आणि गेल्या.

ओगाता फुसाए, वय एक्याऐंशी, रंगारी आळीतलं शेवटचं घर. त्या अजून कापड रंगवतात हे मला माहीत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगू शकले असते. ते खरं नव्हतं.

एप्रिलमध्ये मी त्या आळीत गेले होते. मजकूर लिहिण्याआधी एकदा डोळ्यांनी बघून यावं म्हणून. कोनात्सु छातीशी बांधलेली, नुकतीच झोपलेली. शेवटच्या घराचं सरकतं दार बंद होतं. आमच्याकडे अशा दाराशी उभं राहून ‘आहे का कोणी घरात’ म्हणून मोठ्यानं हाक मारायची असते. हाक मारली तर ही उठेल, असं मला वाटलं. मी खाली बघितलं. गटाराच्या कडेनं निळसर पाणी चाललं होतं. पातळ, पण निळं. ते मी पाहिलं. आणि घरी येऊन ‘केवळ नाव’ असंच लिहिलं, कारण नगरपालिकेच्या जुन्या पुस्तिकेत तसंच होतं, आणि कारण वाक्य जमलं होतं.

मी नगरपालिकेतल्या माझ्या विभागाच्या कुवाबारासाहेबांना फोन केला.

“रंगाचे रांजण किती आहेत त्यांच्याकडे?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही. एक असेल.”

“मग एका रांजणाला धंदा म्हणायचं का? तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षीच्या छपाईत बघू.”

कुणीही मला दोष देणार नव्हतं, हेच मला सोसेना. पाटी पुढं तांदूळवाल्या यासुदांकडे जायची होती. त्यांच्यापुढं आणखी दहा घरं, आणि प्रत्येकाला तो अंगठा दिसणार. मी ती फ्रिजवर ठेवून दिली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तात्सुरोनं दूध काढताना पाटी पाहिली आणि फ्रिजचं दार हळूच लावलं. तो असा हळू वागला की मला आणखी लाज वाटते.

चौथ्या दिवशी मी लाल घेवड्याच्या वड्यांची एक जड पेटी घेतली. माफी मागायला जाताना आमच्याकडे गडद आणि जड मिठाई नेतात. पेटी, पाटी आणि कोनात्सु घेऊन मी रंगारी आळीत गेले. दाराशी हाक मारली तर आवाज इतका बारीक आला की दुसऱ्यांदा मारावी लागली.

ओगाताआजींचे हात कोपरापर्यंत निळे होते. मी वाकले. छातीशी मूल बांधलेलं असलं की पुरतं वाकता येत नाही, त्याचीही लाज वाटली.

“ते वाक्य मी लिहिलंय,” मी म्हटलं. “माझी चूक झाली.”

“पेटी परत ने,” आजी म्हणाल्या. “घेतली तर मला त्याच्या बदल्यात तुला काहीतरी पाठवावं लागेल. तुझ्या माफीची परतफेड मी कशाला करत बसू?”

मी पेटी मागे घेतली.

“तू आली होतीस ना एप्रिलमध्ये,” त्या म्हणाल्या. खिडकीच्या लाकडी पट्ट्यांकडे त्यांनी हनुवटीनं दाखवलं. “तिथून दिसतं मला. पोरीला घेऊन गटारापाशी उभी होतीस. नगरपालिकेचं ओळखपत्र गळ्यात. मला वाटलं, चला, विचारायला आलं कुणीतरी. मी चहाचं पाणी ठेवलं.”

मी मान वर केली नाही.

“मग गेलीस.”

“ही झोपली होती,” मी म्हटलं. बोलताना कळलं, केवढंसं कारण होतं ते.

“ते दिसलंच मला. म्हणून तर मीही हाक मारली नाही.” आजींनी हात फडक्याला पुसले. “पण मी कुठं काही लिहायला बसले नव्हते.”

आतून रांजणाचा आंबूस वास येत होता. जमिनीत पुरलेले चार, त्यातला एकच चालू. त्यातली नीळ आंबलेली, जिवंत; तिला कोंडा भरवावा लागतो, ऊब द्यावी लागते, रोज ढवळावं लागतं. आजी म्हणाल्या, “तुझ्या पोरीसारखंच आहे हे. रडत नाही, एवढंच. न रडणाऱ्याकडे लक्ष द्यायचं राहून जातं.”

त्यांचा उजवा खांदा दुखत होता. मला विचारलं नाही, नुसती काठी पुढं केली. कोनात्सुला त्यांनी मांडीवर घेतलं आणि मी ढवळलं. नीट जमेना, पाणी उडून अंगठ्यावर आलं. आधी हिरवं दिसलं, मग हवा लागून बघता बघता निळं झालं. आजींनी ते पाहिलं, पण मला माफ केलंय असं काही त्या बोलल्या नाहीत. आजतागायत बोललेल्या नाहीत.

घरी येऊन मी माझ्या चौकोनात नेहमीचा लाल शिक्का मारला. निळा अंगठा उठवायचा मला हक्क नव्हता. वाक्याखाली हातानं लिहिलं, ‘हे खोटं आहे. ओगाताबाई रोज रंगवतात. मी दारापर्यंत गेले, गटारातलं निळं पाणी पाहिलं आणि हाक मारली नाही.’ खाली नाव.

मग पाटी नुसती यासुदांकडे देऊन चालणार नव्हतं. उरलेल्या अकराही घरी मी ती स्वतः नेली. त्यांचं वाचून होईपर्यंत, शिक्का मारून होईपर्यंत दारात उभी राहिले. ज्या सात घरांचं आधीच वाचून झालं होतं, तिथंही गेले. लोक म्हणत, “अगं, असू दे,” “लहान मूल आहे तुझं.” तांदूळवाले यासुदा म्हणाले, “वाक्य मात्र झकास होतं हो.” तेव्हा कान तापले.

नगरपालिकेनं दुरुस्तीची चिठ्ठी छापायला जुलैमध्ये होकार दिला. त्यात मला एकच ओळ मिळाली: ‘रंगारी आळीत एक रांजण चालू आहे.’ तीत काही जमलेलं नाही. ती मी तात्सुरोला वाचून दाखवली नाही.

आता दर गुरुवारी मी ढवळायला जाते. कोनात्सु बहुतेक वेळा वाटेतच झोपते. दाराशी पोचल्यावर माझी नजर आधी गटाराकडे जाते, मग दाराकडे. मग मी मोठ्यानं हाक मारते. ती दचकून उठते, रडते. आत केटली चुलीवर ठेवल्याचा आवाज येतो, आणि तो ऐकला की दर वेळी माझी मान खाली जाते.