तीन नंबरची काठी

मी गोल्फ खेळायची एक जुनी काठी आहे. दांडा पोलादाचा, खाली लोखंडाचं पातं आणि पात्यावर तीनचा आकडा कोरलेला. मित्रांनो, साखरा गावात नामाजींच्या मेंढवाड्याला टेकून उभी असलेली मी तुम्हाला दिसले, तर तुम्ही हसाल. खुशाल हसा. या गावात येण्याचा धक्का मी कसाबसा पचवला होता. पण नंतर जे घडलं ते आठवलं की अजून दांड्यात कंप उठतो.

कारखान्यात तापवून, ठोकून, घासून मला घडवलं आणि मी हैदराबादच्या एका साहेबांच्या पिशवीत गेले. तिथे आम्ही चौदा जणी होतो. तीन नंबरची काठी हाताळायला अवघड, म्हणून साहेब मला क्वचितच बाहेर काढत. तरी माझा तोरा मोठा. स्पेनचा सेव्हे बायेस्तेरोस लहानपणी समुद्राच्या वाळूत तीन नंबरच्या काठीनेच खेळ शिकला, आणि पुढे युरोपच्या व्यावसायिक स्पर्धांत पन्नास विजेतेपदं मिळवून सगळ्यांच्या वर जाऊन बसला. मग मी नाक वर करायचं नाही तर कुणी?

माझं नाक ठेचलं ते साहेबांनीच. एकदा चेंडू तळ्यात गेला, तेव्हा त्यांनी रागाने मला गुडघ्यावर वाकवलं आणि झुडपात भिरकावलं. मैदानावर गवत कापायच्या कामाला असलेल्या नामाजींनी मला उचलून साहेबांकडे परत नेलं. "ले जाओ," साहेब म्हणाले. इतक्या वर्षांची सोबत, आणि निरोप दोन शब्दांचा!

नामाजींनी मला दाराच्या फटीत घालून सरळ केलं आणि गावी आणलं. त्यांची बायको बनाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "दोन साल हैदराबादला राहिले अन् आणलं काय, तर तीन नंबरची काठी! एक नंबरची भेटली न्हाई का?"

मग मी बाभळीच्या फांद्या खाली ओढू लागले. पळणाऱ्या कोकराचा मागचा पाय पात्यात अलगद अडकवू लागले. सुरुवातीला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण नामाजी मला करडईचं तेल लावून पुसत, गावभर माझं कौतुक सांगत, आणि मला घेतल्याशिवाय त्यांचं पाऊल घराबाहेर पडत नसे. साहेबांच्या पिशवीत माझी इतकी किंमत कधीच नव्हती.

एके दिवशी शाळेतले शिवशंकर मास्तर बोकड पाहायला आले आणि मलाच पाहत राहिले. "नामाजी, ही तर गोल्फची काठी!" झालं. नामाजींचा मुलगा प्रभू बी.ए. होऊन मेंढ्यांमागे फिरत होता. त्याच्या डोक्यात हे वेड शिरलं. मास्तरांकडून त्याने युरोपातल्या विजेत्यांची यादीच पाठ केली. मेंढ्या आत घेताना तो पुटपुटायचा, "बायेस्तेरोस पन्नास, लँगर बेचाळीस, टायगर वुड्स एक्केचाळीस, माँटगोमेरी एकतीस…"

"एकतीसच?" बनाबाई घाबरून विचारायची. "बाकीच्या मेंढ्या कुठं गेल्या रं?"

धाकटी बहीण अंजली तर त्याची पाठच सोडत नसे. "दादा, बकऱ्यामागं पळून राहिला अन् म्हणं युरोप!"

"एक्कावन्न करतो का न्हाई, बघच तू," प्रभू म्हणायचा.

अंजलीचं स्वप्न मात्र जवळ आलं होतं. पोलीस भरतीची तिची मैदानी चाचणी वीस दिवसांवर होती. रोज संध्याकाळी ती गायरानाला फेऱ्या मारायची. घरातली पहिली सरकारी नोकरी तिच्या पायांत होती, आणि हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

त्या रविवारी मास्तरांनी मागवलेला खरा, टणक, पांढरा चेंडू आला. गायरानावर निम्मं गाव जमलं. मास्तरांनी प्रभूला नियम समजावला, "चेंडू कुणाच्या अंगावर चालला, तर मोठ्यानं 'फोर' म्हणून ओरडायचं. म्हणजे 'जपा, चेंडू आला!'" हा अर्थ त्यांनी प्रभूला सांगितला. गावाला सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

प्रभूने मला उचललं आणि फिरवलं. चेंडू बरोबर माझ्या पात्याच्या मधोमध लागला. काय सांगू मित्रांनो, एवढा नेमका फटका साहेबांनाही कधी जमला नव्हता! मी हरखून गेले. आणि त्याच क्षणी गायरानाच्या वळणावरून अंजली धावत आली.

"फोर!" प्रभू किंचाळला. "फोर! फोर!" मास्तर ओरडले.

हैदराबादला हा शब्द कानावर पडला की मोठमोठे अधिकारी डोकं धरून खाली बसत. इथे काय झालं? अख्ख्या गायरानाने टाळ्या पिटल्या! "चौका! चौका!" पोरं नाचू लागली. आणि अंजली? ती थांबली, हसली, पंचासारखा हात हलवत तिने चेंडू शोधायला तोंड वर केलं. अगं, खाली बस! खाली बस! पण लोखंडाला कुठला आवाज?

चेंडू तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. टाळ्या जागच्या जागी थांबल्या.

जीपने तिला हिंगोलीला नेलं. डोळ्यात रक्त उतरलं होतं. "नजर राहील की नाही, आत्ता सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. इकडे बनाबाईने मला उकिरड्यावर फेकलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते शेजारीच बसून राहिलेल्या प्रभूचं. तो जेवायलाही उठेना.

"काहून मारलंस रं?" नामाजींनी विचारलं. "म्होरं पोरगी दिसली न्हाई?"

"मी चेंडूकडंच बघत व्हतो, आबा."

आठ दिवसांनी पट्टी सुटली आणि अंजली घरी आली. काळा चष्मा लावून ती थेट प्रभूपुढे उभी राहिली. चष्मा काढला, उजवा डोळा तळहाताने झाकला. "दादा, बोटं दाखव."

त्याने दोन बोटं वर केली.

"चार," अंजली म्हणाली.

बनाबाई मटकन खाली बसली. प्रभूचा चेहरा पांढराफटक पडला. मी लोखंडाची, पण मलाही वाटलं, आता जमिनीने गिळावं.

"दोन हायेत," अंजली शांतपणे म्हणाली. "समदं दिसून राहिलं मला. पण आठ दिस मी जशी धास्तीत व्हते, तसा तू एक घडी राहून बघ म्हणलं." मग तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "दोन महिने पळायचं न्हाई म्हणले डॉक्टर. ही भरती गेली, दादा."

प्रभू तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. तिने त्याला रडू दिलं.

मित्रांनो, नामाजींनी उकिरड्यावरून उचलून आणलेली मी आता पुन्हा मेंढवाड्याला टेकून उभी आहे. मला तेल लावा, विसरा, हवं तर भंगारात द्या, माझी तक्रार नाही. एवढंच ऐका. मला डोळे नाहीत. मला उचलणाऱ्याला आहेत. फटका मारण्याआधी एकदा मान वर करून पुढे बघा. तिकडून कुणाची तरी अंजली धावत येत असते.